सर्किटवर पळालेली एस्टीम पुन्हा घरची गाडी करायची आहे

प्रश्न : मी सांगलीजवळ राहतो. २०१८ मध्ये २००४ सालची मारुती एस्टीम घेतली, पेट्रोल, एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणारी). ही गाडी काही हंगाम सर्किटवर, म्हणजे रेसच्या ट्रॅकवर, पळालेली आहे. आरसी तेव्हाच नावावर करून घेतली, पण गाडी शेडमध्ये उभी राहिली आणि २०१९ मध्ये आरसीची मुदत संपली. आत वेल्ड केलेला रोल केज (पोलादी पाइपांचा पिंजरा) आणि एकच बकेट सीट आहे, मागचं सीट नाही. दारांना पॉलिकार्बोनेटच्या काचा आहेत, सायलेन्सरच्या जागी सरळ पाइप आहे. इंजिन १,४०० आरपीएमच्या खाली आयडलिंगला टिकत नाही. क्लच एकदम पकडतो आणि पूर्ण स्टिअरिंग मारून वळवलं की पुढचं चाक उड्या मारतं. बायको-मुलांना घेऊन ही गाडी चालवायची इच्छा आहे. केज तसाच ठेवला तर गाडी जास्त सुरक्षित राहील, असं मित्र म्हणतात. ते खरं आहे का? आणि कामाला सुरुवात कुठून करू?

उत्तर : मित्र म्हणतात ते खरं नाही. घरच्या माणसांना घेऊन फिरायचं असेल तर केज काढावाच लागेल. कसा काढायचा ते पुढे सविस्तर सांगतो, कारण या कामात सगळ्यात महाग चुका तिथेच होतात. पण पान्याला हात लावण्याआधी कागद.

परिवहनच्या वाहन पोर्टलवर गाडीचा नंबर टाका आणि नोंदणीची स्थिती बघा. रॅलीची गाडी एका स्टेजवरून दुसऱ्या स्टेजला सार्वजनिक रस्त्यानेच जाते, म्हणून तिचे कागद बहुधा चालू ठेवलेले असतात. सर्किटची गाडी ट्रकवर चढून ट्रॅकवर जाते आणि ट्रकवरूनच परत येते, त्यामुळे तिच्या कागदांकडे वर्षानुवर्षं कुणी बघत नाही. नोंदणीची नुसती मुदत संपली असेल तर मार्ग आहे. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे ती रद्दच झाली असेल, तर या गाडीवर एक रुपयाही घालू नका. ती ट्रॅकवरच ठेवा किंवा ट्रॅकवाल्याला विका.

नंतर बॉडीवर ठोकलेला चॅसी नंबर आणि ब्लॉकवरचा इंजिन नंबर आरसीशी ताडून बघा. दोन्ही जागा पुसून, तिरका उजेड टाकून वाचा आणि पेन्सिलीने कागदावर छाप घ्या. रेसच्या गाडीत इंजिन सहज बदललं जातं आणि त्याची नोंद कुणी करत नाही. नंबर जुळत नसेल तर ते इंजिन कुठून आलं, त्याची पावती विकणाऱ्याकडून मिळवा आणि काम सुरू करण्याआधी आरटीओत जाऊन इंजिन बदलाची मंजुरी कशी घ्यायची ते विचारा. सगळी दुरुस्ती झाल्यावर हे उघडकीला आलं तर तयार गाडी शेडमध्येच राहील.

मुदत संपलेल्या खासगी गाडीच्या नूतनीकरणासाठी फॉर्म २५ भरावा लागतो. आरटीओत गाडी तपासली जाते आणि पास झाली की पाच वर्षांची मुदत मिळते. शुल्काशिवाय पर्यावरण कर भरावा लागतो आणि उशिराच्या प्रत्येक महिन्याला चारचाकीसाठी ५०० रुपये जादा लागतात. तुमचे महिने बरेच झालेत, म्हणून ही रक्कम आधीच पोर्टलवर काढून बजेटात धरा. थर्ड पार्टी विमा, पीयूसी आणि उच्च सुरक्षा नंबर प्लेट यांची सोयही लावावी लागेल. तोवर गाडी कुठेही न्यायची असेल तर टोइंगच्या गाडीवरून न्या. ‘फक्त गॅरेजपर्यंत’ म्हणूनसुद्धा ती रस्त्यावर चालवू नका.

कलम ५२ चाही विचार करा. आरसीवर जे लिहिलं आहे त्याच्याशी न जुळणारा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. आरसीवर पाच आसनं लिहिलेली आहेत आणि गाडीत एक आहे, तर तपासणीत पहिला आक्षेप त्यावरच येईल.

कागद मार्गी लागणार अशी खात्री झाली, की सगळ्यात आधी भंगारात निघालेली एक अख्खी एस्टीम शोधा. एकेक पार्ट जमवत बसाल तर पैसा आणि वर्ष दोन्ही जातील. डॅशबोर्ड, पुढची-मागची सीटं, पट्टे, चार दारं, काचा, वायरिंगचा अख्खा संच, ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर), सायलेन्सर, गिअरबॉक्स, हँडब्रेकच्या केबल, रेडिएटरचा पंखा हे सगळं एकाच गाडीतून आलं तर एकमेकांना बसतं. शक्यतो त्याच वर्षाच्या आसपासची एमपीएफआय गाडी घ्या. कार्ब्युरेटरवाल्या जुन्या एस्टीमची वायरिंग तुमच्या कामाची नाही. त्या गाडीचे कागद नीट बघा, पावती जपून ठेवा आणि तिचा चॅसी नंबर असलेल्या पत्र्याला हात लावू नका.

आता केज. रेसमध्ये केज माणसाला वाचवतो, पण तो एकटा वाचवत नाही. डोक्यावर हेल्मेट असतं, सहा पट्ट्यांचा हार्नेस शरीर सीटला आवळून धरतो आणि बकेट सीटचे कान खांद्याला हलू देत नाहीत. यातली एक गोष्ट काढली की बाकीच्या धोक्याच्या होतात. रस्त्यावर तुम्ही हेल्मेट घालणार नाही आणि तीन बिंदूंचा साधा पट्टा लावणार. हा पट्टा धडकेत शरीराला बराच पुढे आणि बाजूला जाऊ देतो. पुढच्या खांबालगतचा पाइप चालकाच्या कानशिलापासून वीतभर अंतरावर असतो. एफआयए या जागतिक मोटर रेसिंग संघटनेच्या नियमांप्रमाणे केजच्या मुख्य कमानीचा पाइप किमान ४५ × २.५ मिमी किंवा ५० × २ मिमीचा, थंड ओढलेल्या सलग पोलादाचा लागतो. एरवी बिनधोक वाटणाऱ्या वेगातसुद्धा उघडं डोकं अशा पाइपावर आदळलं तर कवटी फुटू शकते. त्यावर बसवायचं कडक पॅडिंग मिळतं, पण ते हेल्मेट घातलेल्या डोक्यासाठी बनवलेलं असतं, उघड्या डोक्याला ते दगडासारखंच लागतं. मुलं बसतील तिथे तर मागचे तिरके पाइप त्यांच्या चेहऱ्यासमोर येतात. अपघात झाला तर न नोंदवलेल्या बदलावर विमा कंपनी बोट ठेवेल, ते वेगळंच.

‘पुढचा अर्धा कापू, मागचा ठेवू’ असाही सल्ला मिळेल. दोनच सीटांची ट्रॅकची गाडी असती तर त्यावर बोलता आलं असतं. मागे मुलं बसणार असतील तर तो विचार सोडा.

केज बोल्टांचा असता तर एका दुपारचं काम होतं. तुमचा वेल्ड केलेला आहे, म्हणून घाई करू नका. गाडी सपाट फरशीवर, चारही चाकांवर, हवा सारखी भरून उभी करा. चारही दारांच्या, बॉनेटच्या आणि डिकीच्या फटी प्रत्येकी तीन ठिकाणी मोजा आणि तिथेच मास्किंग टेपवर आकडा लिहा. पुढच्या काचेच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा, चारही दारांच्या चौकटींचेही मोजा. रेसमध्ये ठोकर खाल्लेली बॉडी कधीकधी ओढून सरळ करतात आणि मग केज वेल्ड करून त्या जागी धरून ठेवतात. अशा गाडीचा पाइप कापला की बॉडी आपल्या वाकड्या जागी परत जाते. म्हणून दर दोन-तीन काप झाले की मोजमाप पुन्हा घ्या. फट २ मिमीपेक्षा जास्त हलली तर हत्यार खाली ठेवा आणि बॉडी जिगवर (बॉडी सरळ आहे का ते मोजायच्या सांगाड्यावर) तपासून घ्या. पाइप कापताना ब्लेड अडकलं किंवा पाइप एकदम उसळला, तरी तोच इशारा समजा.

कापण्याआधी पेट्रोलची टाकी गाडीतून बाहेर काढा. नुसती रिकामी करून चालणार नाही, रिकाम्या टाकीतली वाफच पेट घेते. बॅटरी आणि ईसीयूही काढा. पुढची काच आणि उरलेल्या सगळ्या काचांवर ओली गोणपाटं टाका, कारण ग्राइंडरच्या ठिणग्या काचेत रुततात आणि ते डाग जन्मभर जात नाहीत. गॅस कटर वापरू नका. पातळ पत्रा तापून लाटा येतात आणि आतल्या बाजूचा गंजरोधक थर जळतो. चार इंची ग्राइंडर आणि १ मिमीची कटिंग डिस्क पुरते. छताजवळ हात पुरत नाही तिथे पुढे-मागे चालणारी करवत वापरा. आधी दारातले आडवे पाइप, मग तिरके, मग पुढच्या खांबांलगतचे, नंतर मागचे टेकू आणि शेवटी चालकामागची मुख्य कमान, असा क्रम ठेवा. जवळ अग्निशामक आणि एक माणूस हवाच.

पाइप पायापासून दोन-अडीच सेंटिमीटर वर कापा, मग उरलेला खुंट सावकाश घासून पायपट्टीशी सपाट करा. पायपट्टी मात्र काढू नका. ती ३ मिमी जाडीची असते आणि खालचा पत्रा त्याच्या निम्म्यापेक्षाही पातळ असतो. पट्टी उपटायला गेलात तर खालचा पत्रा फाटेल. खुंटाच्या भोकावर चकती वेल्ड करा, झिंक प्रायमर मारा, कडेने सीम सीलर भरा आणि गाडीच्या खालच्या बाजूनेही तेच करा. नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात तिथून गंज धरेल. बॉडीच्या सांध्यांवर जादा वेल्डिंग केलेलं असेल तर ते राहू द्या, त्याने नुकसान नाही. स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या जोडीच्या) टोप्या, जॅक लावायच्या जागा आणि स्टिअरिंग रॅकच्या माउंटिंगजवळ मात्र रंग खरवडून, भिंगातून तडे शोधा. तडा दिसला की दोन्ही टोकांना २-३ मिमीचं भोक पाडून मगच वेल्ड करायचा, तसाच वेल्ड केला तर तो पुढे पळतो.

दारांमधून केजचे पाइप नेण्यासाठी आतला पत्रा बहुधा कापलेला असतो. अशा दारांची डागडुजी करू नका, भंगारातल्या गाडीची अख्खी दारं बसवा. पॉलिकार्बोनेट तर जायलाच हवं. पुसतानाही त्यावर ओरखडे पडतात, रात्री समोरच्या दिव्यात काही दिसत नाही आणि ते नियमातही बसत नाही. पुढची काच लॅमिनेटेड लागते, पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार जायला हवा.

हार्नेसही काढा. त्यावर एफआयएचं लेबल असेल तर मुदतीचं वर्ष बघा, निर्मितीच्या वर्षानंतर पाच वर्षांनी तो बाद होतो. तुमचा बादच झालेला असणार. केजशिवाय हार्नेस वापरणं जास्त वाईट, कारण गाडी उलटून छत दबलं तर ताठ बांधलेल्या माणसाला वाकायलाही जागा मिळत नाही. आपोआप गुंडाळणारे तीन बिंदूंचे पट्टे पुढे आणि मागे बसवा. भंगारातला पट्टा घ्यायचा असेल तर पूर्ण बाहेर ओढून विणीत लाटा, चकाकी किंवा वितळल्याच्या खुणा नाहीत ना ते तपासा. अशा खुणा म्हणजे तो पट्टा एकदा धडकेत ताणला गेला आहे. पट्ट्यांचे बोल्ट मूळचेच वापरा, त्यांचे आटे सहसा ७/१६ इंची बारीक असतात. हार्डवेअरच्या दुकानातला १२ मिमीचा बोल्ट दाबून बसवलात तर आटे मरतील आणि तो धरणार नाही. मधल्या खांबातल्या आट्यांत वेल्डिंगचे शिंतोडे असतील तर त्याच मापाचा टॅप फिरवून साफ करा.

केज निघाला की स्प्रिंगही बदलावेच लागतील. कडक स्प्रिंग आणि केज ही जोडी असते, खड्ड्याचा मार केज सगळ्या बॉडीत वाटून देतो. केजशिवाय तेच स्प्रिंग ठेवले तर सगळा मार स्ट्रटच्या टोप्यांवर येतो आणि तिथला पत्रा फाटायला लागतो. स्ट्रटच्या वर आणि लोअर आर्मला उघड्या गोल सांध्याचे रेसिंग जॉइंट असतील तर तेही काढा. धूळ आणि चिखलात ते काही महिन्यांत खडखडायला लागतात. रबरी बुश, बॉल जॉइंट आणि टाय रॉडची टोकं सगळी नवीन घाला, इथे भंगारातला माल नको. इंजिनाचे माउंटिंगही रबराचे करा. कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर कल, रेसला उणे दोन-तीन अंशांवर ठेवलेला असतो, त्याने टायरची आतली कड काही हजार किलोमीटरमध्ये साफ होते. तो कारखान्याच्या मापावर आणा, टो-इन (चाकांच्या पुढच्या कडा आत वळलेल्या असण्याचं माप) जवळजवळ शून्यावर. उंचीही मूळची हवी. प्रमाण गतिरोधक १० सेंटिमीटर उंच असतो, पण गावोगावचे त्याहून उंच असतात आणि पाच माणसं बसली की गाडी आणखी खाली येते. १३ इंची रिमवर मूळ मापाचे नवीन टायर टाका आणि बाजूवरचा चार आकडी कोड बघून घ्या. २२२४ म्हणजे २०२४ सालचा २२ वा आठवडा.

ब्रेकचं काम हात राखून करू नका. रेसचे पॅड तापल्यावर चावतात, थंड असताना घसरतात. सकाळी गल्लीतून निघताना समोर मूल आलं तर ते पॅड थंड असतात. साधे पॅड आणि लायनर घाला. गाडी इतकी वर्षं उभी आहे, म्हणजे कॅलिपरचे पिस्टन आणि ड्रममधले सिलिंडर गंजून अडकलेले असणार. मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडर, कॅलिपरचे सील आणि सगळे रबरी होस नवे टाका. जुनं ब्रेक ऑइल पूर्ण काढा, त्याने हवेतलं पाणी शोषलेलं असतं. कोरडं असताना डॉट ३ किमान २०५ अंशांना उकळतं, पाणी शोषल्यावर १४० लाच. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. एक लिटर आणा, अर्धं धुण्यात जाईल. सिलिकॉनचं डॉट ५ यात मिसळू नका. आत पुढे-मागे ब्रेकचं प्रमाण बदलायचा नॉब बसवलेला असेल तर तो काढून मूळचा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह लावा. रिकाम्या गाडीला जमवलेलं प्रमाण पाच माणसांना आणि ओल्या रस्त्याला जमत नाही, मागची चाकं आधी लॉक झाली की गाडी फिरते. हँडब्रेक हायड्रॉलिक असेल तर तो पार्किंगला निरुपयोगी आहे. द्रव थंड होऊन आकसला की दाब उतरतो आणि उतारावर लावलेली गाडी सुटते. केबलचाच हँडब्रेक हवा.

आता तुमचं १,४०० आरपीएमचं दुखणं. इंजिनात व्हॉल्व्ह जास्त उचलणारा, जास्त वेळ उघडे ठेवणारा कॅमशाफ्ट (कॅम) आहे, याची ही जवळजवळ खात्रीची खूण. त्यात इनलेट आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बराच वेळ एकत्र उघडे राहतात, कमी वेगात जळालेला वायू परत आत शिरतो आणि थोडं न जळलेलं पेट्रोल थेट बाहेर जातं. याचे दोन परिणाम होतात. पहिला म्हणजे पीयूसीला हायड्रोकार्बन जास्त येतात. आरसीवर भारत स्टेज २ किंवा ३ लिहिलेलं असेल तर आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइड ०.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ७५० पीपीएमच्या आत लागतात. अशा कॅमने ते जमत नाही. दुसरा परिणाम लोकांच्या लक्षात येत नाही : ब्रेकच्या बूस्टरला (पेडल हलकं करणाऱ्या भागाला) लागणारा व्हॅक्यूम याच इंजिनातून येतो. इनलेट मॅनिफोल्डला गेज लावा. मूळच्या कॅमवर आयडलिंगला पाऱ्याच्या ४५० मिमीच्या आसपास व्हॅक्यूम मिळतो. ३०० च्या खाली असेल तर गर्दीत दोन-तीनदा ब्रेक दाबल्यावर पेडल लाकडासारखं कडक होईल. म्हणजे इथे कॅम बदलणं हे ब्रेकचंच काम आहे.

पण नुसता कॅम बदलून थांबू नका. रेससाठी सिलिंडर हेड बहुधा घासून कॉम्प्रेशन वाढवलेलं असतं. रेसचा कॅम इनलेट व्हॉल्व्ह उशिरा बंद करतो, त्यामुळे कमी वेगात ते वाढलेलं कॉम्प्रेशन जाणवत नाही. मूळचा कॅम व्हॉल्व्ह लवकर बंद करतो आणि तेच हेड चढावर टकटक आवाज करायला लागतं. हा डिटोनेशनचा, म्हणजे पेट्रोल अवेळी भडकल्याचा, आवाज आहे, तो चालू ठेवला तर पिस्टन जातो. म्हणून मूळचा कॅम बसवल्यावर, इंजिन गरम असताना, सगळे प्लग काढून आणि थ्रॉटल पूर्ण उघडून कॉम्प्रेशन मोजा. चांगल्या इंजिनात दर चौरस सेंटिमीटरला १४ किलोच्या आसपास येतं आणि सिलिंडरांमध्ये एका किलोपेक्षा जास्त फरक नसतो. सगळीकडे १६ च्या वर आलं तर भंगारातल्या गाडीचं हेड तपासून, व्हॉल्व्ह ग्राइंड करून बसवा. टायमिंग दोन-तीन अंश मागे घेऊनही आवाज थांबतो, पण ताकद आणि अ‍ॅव्हरेज दोन्ही जातं, म्हणून तो तात्पुरता इलाज समजा. हेड उघडलंच आहे तर टायमिंग बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप त्याच वेळी बदला.

ईसीयू, इंजेक्टर, थ्रॉटल बॉडी, कॅम आणि ऑक्सिजन सेन्सर हे पाचही मूळचे आणि एकत्र हवेत. रेसची मॅपिंग बऱ्याचदा ऑक्सिजन सेन्सरशिवाय, मुद्दाम जास्त पेट्रोल देऊन केलेली असते. शिवाय आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्याला जळायला हवेच्या मानाने पेट्रोल जास्त लागतं, आणि सेन्सर नसलेल्या ईसीयूला हे कळत नाही. इथेनॉल जुन्या रबरालाही खातं. टाकीपासून इंजेक्टरच्या रेलपर्यंतचे सगळे होस, इंजेक्टरच्या दाबाला चालणारे आर-९ दर्जाचे घाला. कार्ब्युरेटरच्या गाडीचा होस दिसायला तसाच असतो, पण दाबाने फुटतो. टाकीत रेसिंगचा फोम भरलेला असेल तर तो आता चुरा होऊन फिल्टर बंद करत असणार, पूर्ण काढा आणि टाकी धुऊन घ्या. जुनं पेट्रोल इंजिनात जाऊ देऊ नका.

धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (कॅट) अगदी शेवटी बसवा. मिश्रण जास्त पेट्रोलचं असताना किंवा प्लग मिस होत असताना नवा कॅट लावलात तर आतली जाळी तापून वितळते आणि काही दिवसांत धुराचा मार्गच बंद होतो. आधी चाचणी करून घ्या. कार्बन मोनॉक्साइड जास्त आला तर पेट्रोल जास्त जातंय. तो कमी असून हायड्रोकार्बन जास्त आले तर प्लग, वायर, हवेची गळती किंवा व्हॉल्व्ह बघा. हे जमलं की कॅट आणि मूळचा सायलेन्सर.

कूलिंगमध्ये एकच गोष्ट सांगतो. कूलंटमधलं ग्लायकॉल सांडून ट्रॅक निसरडा होतो म्हणून बऱ्याच रेसमध्ये नुसतं पाणी भरतात. या इंजिनाचा ब्लॉक आणि हेड दोन्ही अ‍ॅल्युमिनियमचे आहेत, साध्या पाण्याने ते आतून खाल्ले जातात. सिस्टीम धुऊन निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी भरा आणि काढून टाकलेला थर्मोस्टॅट परत बसवा. इंजिन गारच राहिलं तर ईसीयू पेट्रोल वाढवत राहतो.

एकदम पकडणारा क्लच म्हणजे सिरॅमिक तुकड्यांची प्लेट आणि बहुधा घासून हलकं केलेलं फ्लायव्हील. प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, फ्लायव्हील आणि त्याचे नवे बोल्ट एकाच वेळी बदला. घासलेलं बिडाचं फ्लायव्हील दुसऱ्या गाडीलाही वापरू नका, जास्त वेगात ते फुटू शकतं. वळताना चाक उड्या मारतं त्याचं कारण डिफरन्शिअलमध्ये (वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरांत) शोधा. पुढची दोन्ही चाकं उचला, गाडी नीट स्टँडवर टेकवा, गिअर न्यूट्रलला ठेवा आणि एक चाक हाताने फिरवा. दुसरं उलट फिरलं तर डिफरन्शिअल साधं आहे, मग ड्राइव्ह शाफ्टचे जॉइंट बघा. त्याच दिशेने फिरलं तर ते वेल्ड केलेलं आहे किंवा प्लेटचं लिमिटेड स्लिप (दोन्ही चाकांना एकत्र धरून ठेवणारं) आहे. अशा वेळी भंगारातल्या गाडीचा अख्खा गिअरबॉक्स बसवा. त्याने फायनल ड्राइव्हचं मूळ गुणोत्तर आणि स्पीडोमीटरचं गिअरही परत येतं. ८० च्या वेगाला पाचव्या गिअरमध्ये टॅकोमीटर ३,५०० च्या वर जात असेल तर रेसचं गुणोत्तर आत आहे असं समजा.

वायरिंगला जोड देत बसू नका, सगळी काढा आणि मूळचा संच टाका. दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर, वॉशर, रिव्हर्सचा दिवा हे सगळं तपासणीत बघतात. बॅटरीचा किल स्विच चांगला असेल तर ठेवायला हरकत नाही. रंग सगळ्यात शेवटी, आणि आरसीवर लिहिलेलाच.

रोज काम केलं तरी इतक्या सगळ्याला दीड-दोन महिने लागतात, हे धरून चला. पैसे तीन टप्प्यांत ठेवा. कागद आणि नंबर जुळले की पहिला, केज निघून फटी जागच्या जागी राहिल्या की दुसरा, कॉम्प्रेशन चांगलं आलं की तिसरा. बॉडी वाकडी निघाली तर तिथेच थांबा, वाकड्या बॉडीवर नवे पार्ट चढवू नका. काढलेला कॅम, स्ट्रट, लिमिटेड स्लिप, बकेट सीट भंगारात देऊ नका, ट्रॅकवाल्यांना ते हवे असतात आणि तुमचा थोडा खर्च त्यातून निघेल.

नोंदणी आणि विमा झाल्यावर पहिले ५० किलोमीटर एकट्याने, घराजवळ फिरवा. परत येऊन चाकांचे नट, लोअर आर्म, कॅलिपर आणि सीटचे बोल्ट टॉर्क पान्याने तपासा, पेट्रोलच्या प्रत्येक जोडाला हात लावून वास घ्या, ब्रेक ऑइलची पातळी बघा. बूस्टरची चाचणीही करा : इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाचदा दाबा, दाबून धरा आणि स्टार्टर मारा, पेडल किंचित खाली गेलं पाहिजे. ५०० किलोमीटरला इंजिन ऑइल आणि फिल्टर बदला, काढलेलं ऑइल पांढऱ्या कापडातून गाळून त्यात धातूचे कण आहेत का ते बघा आणि अलाइनमेंट पुन्हा करून घ्या, कारण नवे बुश तोवर बसलेले असतात. त्यानंतर मुलांना मागे बसवा.